कायरोप्रॅक्टरकडे पहिल्यांदा जाण्याआधी

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला, नारळांचा घोस चढवताना माझी कंबर धरली. वाकलेली मी वर येईचना. आरत्या खांबाला टेकून म्हटल्या, आणि दर्शनाला आलेल्या प्रत्येकाने प्रसाद घेताघेता एकेक उपाय सांगितला. शेजारच्या काकींनी तेल दिलं, भावाने फार्मसीतून गोळ्या आणल्या, आणि म्हापशाच्या मामेभावाने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत एक माणूस पालथा, दुसरा त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा, आणि एका दाबासरशी असा कडकडाट की कुणी वाळलेली चुडतंच मोडतंय. पालथा माणूस उठतो आणि हसतो. "गो ताई, एकदा जाऊन तरी ये," मामेभाऊ म्हणाला.

मी गेले, तेही दोन ठिकाणी. पहिल्या दवाखान्यात दहाव्या मिनिटाला मी टेबलावर पालथी होते आणि विसाव्या मिनिटाला माझ्या हातात बारा बैठकांच्या पॅकेजचा कागद होता. दुसऱ्या ठिकाणी पाऊण तास नुसते प्रश्न आणि तपासणी चालली, मग पाच मिनिटं हात लावला, मग दोन व्यायाम शिकवले. पाटीवर शब्द दोन्हीकडे एकच. पहिल्यांदा जाणाऱ्याला यातला फरक दारातून दिसत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण एकदा दुखलं की खोदून वाचायची खोड आहे.

हा प्रकार मुळात काय

कायरोप्रॅक्टिक हा शब्द ग्रीकवरून आला, अर्थ हाताने केलेलं काम. धंदा मात्र अमेरिकी. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात डॅनिअल डेव्हिड पामर नावाचा चुंबकचिकित्सा करणारा एक गृहस्थ होता. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका दाबला आणि बहिऱ्या लिलार्डला ऐकू येऊ लागलं, अशी या पद्धतीची जन्मकथा. दोन वर्षांत पामरने शाळाही काढली. त्याचा सिद्धान्त असा की मणके जागेवरून किंचित सरकतात, नसा दबतात आणि बहुतेक आजारांचं मूळ तिथे असतं. आता कानाची नस मेंदूतून थेट कानाकडे जाते, पाठीच्या मणक्यांच्या वाटेला ती जातच नाही. तेव्हा कथा कथेच्या जागी ठेवावी.

आजचे सगळे कायरोप्रॅक्टर पामरचीच पोथी वाचतात असं नाही. ब्रिटनमध्ये त्यांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० साली सांगून टाकलं की मणका सरकण्याची ती कल्पना ऐतिहासिक आहे, आजार तिच्यामुळे होतात याला संशोधनाचा आधार नाही. म्हणजे या पेशात दोन घरं आहेत. एका घरात कंबर आणि मानेच्या दुखण्यावर हात, व्यायाम आणि सल्ला देऊन काम करणारे लोक आहेत. दुसऱ्या घरात तुमचा रक्तदाब, दमा, मुलाचं अंथरूण ओलं करणं, रोगप्रतिकारशक्ती, सगळं मणक्यातून दुरुस्त होतं. तुम्ही कोणत्या घरात शिरलात हे पहिल्या दहा मिनिटांत कळायला हवं.

फायदा किती, हेही आधीच जाणून घेतलेलं बरं. ताज्या कंबरदुखीवर मणक्यांच्या हाताळणीचा, म्हणजे हाताने दाब-झटका देण्याचा, किती उपयोग होतो यावरच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये अमेरिकेत हिशेब मांडला गेला. वेदनेच्या १०० च्या पट्टीवर सरासरी फरक निघाला सुमारे १०. शून्य नव्हे, पण व्हिडिओतला चमत्कारही नव्हे. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने कंबरदुखीत गोळ्यांआधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर, मणक्यांची हाताळणी असे उपाय बघा असं सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या शेवटी जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावून सांगणं यांच्या जोडीला हाताळणीला जागा दिली, तीही अटी घालून. त्याच कागदात कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (मणका ओढून ताणणं) नेहमीसाठी वापरू नका असं म्हटलंय. आमच्या घरात तीन पट्टे आहेत, तिन्ही शेजाऱ्यांनी सुचवलेले.

थोडक्यात, साध्या यांत्रिक कंबरदुखीवर हा एक मध्यम उपयोगाचा उपाय आहे, व्यायाम आणि फिजिओथेरपीच्या पंगतीत बसणारा, त्यांच्या डोक्यावर बसणारा नव्हे.

टेबलाआधी: हे दुखणं त्या टेबलाचं आहे का

सगळ्या लेखातलं महत्त्वाचं काम हे, आणि ते घरीच करायचं आहे.

बहुतेक उसण, लचक, बसून-बसून आखडलेली कंबर ही स्नायू, सांधे आणि मणक्यांमधल्या चकतीची कुरकुर असते. हालचालीने कमी-जास्त होते, कूस बदलली की चमक निघते, आणि काही आठवड्यांत आपोआपही ओसरू लागते. पण कधीकधी कंबरदुखीच्या वेषात दुसरंच काहीतरी येतं, आणि त्यावर कुणी जोर लावला तर नुकसान होतं.

सगळ्यात घाईचं आधी. दोन्ही मांड्यांच्या मधला भाग, सायकलच्या सीटला टेकणारा, तो बधिर झाला असेल. लघवी अडली असेल किंवा कळत नसताना होत असेल. शौचावरचा ताबा सुटला असेल. दोन्ही पायांतली ताकद जात असेल, तर कायरोप्रॅक्टर नको, फिजिओ नको, तेल तर नकोच. मणक्याच्या तळाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणं आहेत. शस्त्रक्रिया वेळेत झाली नाही तर लघवीचा त्रास जन्माचा राहू शकतो. रात्र असो, चतुर्थी असो, १०८ ला फोन करून थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) जायचं.

दुसरं म्हणजे क्षयरोग. फुप्फुसाचा टीबी सगळ्यांना माहीत असतो, पण मणक्यालाही तो होतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि भारतात तो दुर्मीळ नाही. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मेलेली आणि पाठीत एकाच जागी महिनोन्महिने वाढत जाणारी ठणक, हे एकत्र दिसलं तर आधी डॉक्टर आणि तपासण्या. पोखरलेल्या मणक्यावर झटका देणं म्हणजे काय होईल, हे सांगायला नको. कर्करोग पूर्वी कधी झालेला असेल आणि आता पाठ नव्याने दुखू लागली असेल, तर तेही याच खात्यात.

तिसरं, तरुणांच्या पाठीचं. पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा सकाळी उठला की पाठ लाकडासारखी, अर्धा-पाऊण तास गेल्यावर जरा सैल, हिंडला-फिरला की बरं आणि बसून राहिला की वाईट, पहाटे दुखण्याने जाग येते, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर ते साधं आखडणं नसावं. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस नावाचा संधिवात असा सुरू होतो. त्याला संधिवाताचा तज्ज्ञ (ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट) लागतो, आणि या आजारात ताठर झालेल्या मणक्यावर जोराची हाताळणी करत नाहीत. मोडक्या खुर्चीमुळे, मोबाइलमुळे, बाइकमुळे असं म्हणत घरची माणसं दोन-तीन वर्षं काढतात. तेवढ्यात आजार पुढे सरकतो.

मग ठिसूळ हाडं. साठी उलटलेल्या बायका, ज्यांना दमा किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड मिळालं आहे असे लोक, ज्यांची उंची कमी झाली आहे आणि पाठीला बाक आला आहे अशा आज्या. यांचा मणका साध्या वाकण्यानेही चेपतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे वॉरफरिन वगैरे, चालू असतील तर ते आधी सांगा. बोटांच्या सांध्यांचा आमवात जुना असेल तर मानेवर झटका अजिबात नको, कारण या आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारी दोरी सैल झालेली असू शकते. स्कूटरवरून पडल्यावर सुरू झालेलं दुखणं असेल तर आधी एक्स-रे.

यातलं काहीच नसेल तरी पहिला फेरा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात मारावा. मडगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा म्हापशाच्या आझिलो रुग्णालयात गर्दी असते, मान्य. पण तिथे बसलेला माणूस तुम्हाला काही विकत नसतो.

एक्स-रे आणि "गॅप"

आपल्याकडे पाठ दुखली की माणूस म्हणतो, "माझ्यात गॅप आहे." हा गॅप कुठून येतो? एक्स-रेत मणक्यांमधली जागा कमी दिसते, एमआरआयच्या अहवालात चकती फुगल्याचं लिहून येतं आणि माणूस जन्मभर जपून चालू लागतो.

ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या, ठणठणीत लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरात हा आकडा ९६ टक्के. म्हणजे चकतीची झीज ही बरीचशी केसांच्या पांढरेपणासारखी आहे. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या काही आठवड्यांत फोटो काढण्याची गरजच नसते. तेव्हा "तुमच्या मानेचा बाक गेलाय, आम्ही तो परत आणू, दर महिन्याला एक्स-रे काढून दाखवू" असं कुणी सांगितलं तर उगाच किरणं घेऊ नका.

पहिल्या दवाखान्यात मला पालथं झोपवून सांगितलं की माझा डावा पाय आखूड आहे. घरी येऊन मी नवऱ्याला तसंच झोपवलं. त्याचा उजवा निघाला. कंबरेचे स्नायू जरा ताणलेले असले, माणूस जरा तिरका झोपला की पाय वर-खाली दिसतात. एवढ्यावर निदान होत नाही.

माणूस कसा पारखायचा

परदेशात कायरोप्रॅक्टर व्हायला पूर्ण वेळ अभ्यास लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत किमान चार वर्षं आणि ४२०० तास असा हिशेब दिला आहे, त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली रुग्णांवर काम. भारतात मात्र या पेशाची नोंदणी करणारी आणि परवाना देणारी कायद्याने नेमलेली परिषद नाही. एमबीबीएस डॉक्टरचं नाव मेडिकल कौन्सिलच्या यादीत सापडतं, फिजिओथेरपिस्टांसाठी २०२१ चा कायदा आहे. कायरोप्रॅक्टरच्या बाबतीत तुमचे डोळे हीच परिषद.

म्हणून फोनवरच विचारा. लाजायचं कशाला? पदवी कोणती, कुठल्या कॉलेजची, किती वर्षांची? "डीसी" म्हणजे कायरोप्रॅक्टिकची पूर्ण पदवी. "सर्टिफाइड" म्हणजे शनिवार-रविवारचं शिबिरही असू शकतं. माणूस मूळचा फिजिओथेरपिस्ट असेल आणि नंतर हाताळणीचं शिक्षण घेतलं असेल तर ते वाईट नाही. हाताळणी फिजिओथेरपीतही शिकवतात. फक्त तसं त्याने सरळ सांगावं. नावापुढे "डॉ." आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

आपल्या गोव्याची एक वेगळीच भानगड आहे. किनाऱ्यावर हंगाम असतो. योगाच्या वर्गाशेजारी, समुद्रावरच्या मालिशवाल्यांच्या पलीकडे कुणी ना कुणी मान मोडून देणारा भेटतो. त्यातला एखादा उत्तम शिकलेला असेलही. पण त्याला एक प्रश्न विचारा: पुढच्या महिन्यात मला त्रास झाला तर तुम्ही कुठे असाल? पाऊस सुरू झाला की शॅकबरोबर आवरून जाणाऱ्याकडे मानेचा इलाज करून घेऊ नये. लग्नाच्या हॉलमध्ये, मेळाव्यात, जिममध्ये रांग लावून पाठी मोडून देतात तिथेही नाही.

गावातल्या हाडवैद्यांबद्दल काय, असं काहीजण विचारतील. तेल लावून चोळण्याला माझी ना नाही, मीही लावून घेतलं. निखळलेला खांदा किंवा मोडलेलं हाड असेल तर मात्र आधी एक्स-रे.

भेटीचा दिवस

सैल कपडे घाला. साडी नेसून गेले ती पहिली चूक, कूस बदलताना निऱ्या सावरण्यातच अर्धा वेळ गेला. सलवार-कमीज किंवा ट्रॅक पँट बरी. जुन्या फायली, एक्स-रे, चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच पिशवीत टाका. बायकांनी सोबत कुणालातरी न्यावं आणि ते माणूस खोलीत बसेल असं आधीच सांगावं. यावर ज्याची भुवई उंचावते त्याच्याकडून उठून यावं. भरपेट जेवून जाऊ नका, पालथं झोपायचं असतं.

आता मुद्द्याचं. चांगली पहिली भेट ही बरीचशी बोलण्याची असते. दुखणं कधीपासून, कसं सुरू झालं, कुठे जातं, पायात मुंग्या येतात का, रात्री झोप मोडते का, ताप, वजन, लघवी, जुने आजार, पडझड, गरोदरपण. मग तपासणी: पुढे-मागे वाकून दाखवा, टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, गुडघ्यावर छोटी हातोडी, पायाच्या बोटांत ताकद, पाय सरळ ठेवून वर उचलणं. पाय उचलताना गुडघ्याखालपर्यंत कळ गेली तर नस डिवचली गेली असल्याचा संशय घेतात. मानेचं दुखणं असेल तर रक्तदाब मोजतात, डोळ्यांची हालचाल बघतात.

हे झाल्यावर त्याने साध्या भाषेत सांगायला हवं: मला काय वाटतं, मी काय करणार, त्याने काय होऊ शकतं, दुसरे उपाय कोणते. आणि तुमचा होकार घ्यायला हवा. दुसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "आज मी काही केलं नाही तरी चालेल, तुम्ही विचार करून या." तिथेच माझा अर्धा विश्वास बसला.

टेबलावर काय होतं

कंबरेसाठी बहुधा कुशीवर झोपवतात, वरचा गुडघा पोटाकडे वाकवतात, खांदा एका बाजूला आणि कंबर दुसऱ्या बाजूला सावकाश वळवतात. ताण शेवटाला आला की एक छोटा, वेगाचा दाब. जोर फार नसतो, वेग असतो. काही ठिकाणी टेबलाचा एक भाग दाबासरशी इंचभर खाली बसतो, काही ठिकाणी स्प्रिंगचं लहान यंत्र टकटक करतं. म्हाताऱ्या माणसांना आणि घाबरणाऱ्यांना हे प्रकार सोपे जातात.

आवाजाचं गूढ फारसं नाही. मणक्यांच्या सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम वेगळे झाले की आत पोकळी तयार होते आणि टक् होतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रणच करून हे दाखवलं. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. तेव्हा आवाज म्हणजे हाड जागेवर बसलं असं नाही. ते हललंच नव्हतं. आणि आवाज आला नाही म्हणजे उपचार फुकट गेला असंही नाही. आवाज काढण्यासाठी पुन्हापुन्हा झटके देणाऱ्याला थांबवा.

दाबाच्या क्षणी श्वास सोडा, अंग सैल ठेवा. दुखलं तर "थांबा" म्हणा. हा शब्द बोलायचा हक्क तुम्ही फी भरताना दिलेला नसतो.

मानेबद्दल वेगळं

कंबर आणि मान यांना एकाच मापाने तोलू नये. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर चढतात आणि कवटीच्या खाली नागमोडी वळण घेतात. मान झपकन फिरवली की क्वचित या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर जाते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. हे दुर्मीळ आहे. शिवाय यात एक गुंता आहे: कित्येकदा ही चीर आधीच पडलेली असते आणि तिच्यामुळेच मान आणि डोकं दुखू लागतं, म्हणून माणूस कायरोप्रॅक्टरकडे जातो. दोष कुणाचा हे ठरवणं मग अवघड होतं. रुग्णाच्या दृष्टीने निष्कर्ष मात्र एकच निघतो. आयुष्यात कधी झालं नाही असं अचानक, एका बाजूचं, फाडल्यासारखं मान-डोकं दुखत असेल तर ती मान कुणाच्या हातात देऊ नये, डॉक्टरकडे जावं.

माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीत मानेवर झटका घेऊच नये. मान नको म्हटलं तर चालतं. पाठीच्या वरच्या भागावर काम करून, सावकाश हालचाल देऊन, व्यायामाने मानेचं दुखणं हलकं होतं. हनुवटीखाली पट्टा अडकवून डोकं हिसक्याने ओढण्याचा जो प्रकार मोबाइलवर गाजतो आहे, त्याच्या वाटेला मी माझ्या शत्रूलाही पाठवणार नाही.

हाताळणीनंतर त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होऊन शब्द अडखळणं, गिळताना त्रास, तोंड वाकडं होणं, एका बाजूला बधिरपणा, चालताना तोल जाणं, यांपैकी काही झालं तर झोपून बघू असं म्हणू नका. गुठळी विरघळवण्याचं औषध देण्याची मुदत साधारण साडेचार तासांची असते. १०८, आणि तिथे पोचल्यावर मानेची हाताळणी झाल्याचं आपणहून सांगायचं.

घरी आल्यावर

पहिल्या काही बैठकांनंतर साधारण निम्म्या लोकांना दाबलेल्या जागी ठणक, आखडणं, थकवा किंवा डोकं जड वाटणं असं काहीतरी होतं. दिवस-दोन दिवसांत जातं. त्याहून लांबलं, किंवा पायात नव्याने मुंग्या किंवा अशक्तपणा आला तर पुढची बैठक रद्द करून डॉक्टरांना दाखवा.

लगेच स्कूटर चालवू नका, निदान अर्धा तास बसा. आणि पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून खड्ड्यांतून उसळत घरी गेलात तर पैसे वाटेतच सांडलेत असं समजा. अंथरूण धरायचं नाही. हिंडायचं, घरातली हलकी कामं करायची. मला आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खवायला आठ दिवस जड गेलं, तेव्हा टेबलावर चिकटणारी खवणी आणली. सासूबाईंना ती पसंत नाही, पण सोलकढीच्या चवीत फरक पडलेला नाही.

खरं काम व्यायामाचं. मला दोन शिकवले: पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन समोरचा हात व उलट बाजूचा पाय लांबवणं. शिवाय रोज अर्धा तास चालणं. हे फुकट आहे, म्हणून त्यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

पैसे आणि थांबणं

पहिल्या भेटीची फी, नंतरच्या बैठकीची फी आणि तपासण्यांचा खर्च आधी वेगवेगळा विचारा, पावती घ्या. विमा असेल तर कंपनीला लेखी विचारा, दवाखान्याच्या तोंडी भरवशावर राहू नका. पॅकेजचे पैसे एकरकमी भरू नका, सूट कितीही असो. एक-एक बैठकीचे द्या.

पहिल्या भेटीआधी वहीत तीन ओळी लिहून ठेवा: वेदना दहापैकी किती, किती वेळ बसवतं, कोणतं काम अडलंय. माझी तिसरी ओळ होती "फळ्याच्या खालच्या भागात लिहिता येत नाही." चार-सहा बैठकांनी वही उघडा. फरक पडला असेल तर बैठका विरळ करत थांबा. नसेल तर तसंच थांबा आणि फिजिओथेरपिस्ट किंवा ऑर्थोपेडिककडे वळा. दुखत नसताना "मणके सरळ राखायला" दर महिन्याला जन्मभर या, असं जे सांगतात त्याला पुरेसा आधार मला कुठे सापडला नाही.

लहान बाळांचं एका वाक्यात: तान्ह्या मुलाच्या मणक्याला रडणं, पोटदुखी, कान यांसाठी कुणालाही हात लावू देऊ नका, बालरोगतज्ज्ञाकडे न्या. गरोदर बायकांच्या कंबरदुखीसाठी कुशीवर झोपवून सौम्य पद्धती वापरतात, पण आधी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून.

मी एकूण चारदा गेले. चौथ्या वेळी वहीत वेदना सातावरून दोनवर आली होती. त्यातलं किती हाताने, किती व्यायामाने आणि किती नुसत्या दिवसांनी कमी झालं हे मला सांगता येणार नाही, आणि त्या बाईंनीही सांगितलं नाही. यंदा माटोळीचं सामान मी टेबलावर मांडून बांधून दिलं आणि चढवायचं काम भाच्याकडे गेलं. कंबर बरी आहे, पण त्याचा हात छताला पोचतो.